लंडनची बस आणि तीन वर्षांची पोरगी

इकडं खानापूर-बेळगाव बसमध्ये पोर कडेवर दिसलं की कंडक्टरच कुणाला तरी सरकायला सांगतोय, पण लंडनच्या बसला कंडक्टरच नाही आणि २०१४ पासून रोख पैसे पण घेत नाहीत, म्हणून लेकरं घेऊन जाणाऱ्यांसाठी लिहितेय. पुढच्या दारानं चढायचं, कार्ड मशीनला टेकवायचं, उतरताना नाही, ट्यूबला (म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेला) मात्र आत जाताना आणि बाहेर पडताना दोन्हीवेळा. ११ वर्षांखालच्या पोरांना मोठ्यांसोबत फुकट!

पोरीला डबल डेकरची वरची पुढची सीट लई आवडली.

बाबागाडी खाली मोकळ्या जागेत लावायची, व्हीलचेअरवालं कोणी आलं तर घडी करायची, आणि ते बरोबरच आहे. जुन्या ट्यूब स्टेशनांत बऱ्याच ठिकाणी पायऱ्याच, म्हणून नकाशात व्हीलचेअरची खूण असलेली स्टेशनं आधीच बघून ठेवा.