आमचे ‘सर्वपक्षीय’ आणि इकडचे ‘निःपक्ष’

ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या ओहायो राज्यातील आमच्या गावच्या वाचनालयात शाळा मंडळाच्या निवडणुकीला उभ्या असलेल्या पाच उमेदवारांची जाहीर प्रश्नोत्तरे झाली आणि त्या सभेत घड्याळ सांभाळण्याचे काम माझ्याकडे होते. प्रत्येक उत्तराला नव्वद सेकंद. तीस सेकंद उरले की पिवळा कागद वर करायचा आणि वेळ संपली की लाल. पाचांपैकी एका बाईंची मुलगी माझ्या मुलाच्या वर्गात आहे. त्या शाळेच्या बसफेऱ्या कमी झाल्याबद्दल तळमळीने बोलत होत्या, त्यांचे म्हणणे मला पूर्ण पटत होते आणि निदान वाक्य तरी पुरे होऊ द्यावे म्हणून मी लाल कागद वर करायला किंचित उशीर केला. सभा संपल्यावर खुर्च्या आवरताना सभा भरवणाऱ्या संस्थेच्या स्थानिक शाखेच्या अध्यक्ष बाईंनी मला बाजूला घेतले आणि शांतपणे सांगितले, "तुम्ही त्यांना सहा सेकंद जास्त दिलेत." त्या मोजत होत्या.

मला आधी रागच आला. कोल्हापूरच्या बिंदू चौकातल्या सभा ऐकत वाढलेल्या माणसाला सहा सेकंदांचा हिशेब कोतेपणाचा वाटणारच. आमच्याकडे वक्ता रंगला की वेळ संपल्याची चिठ्ठी तो खिशात घालतो आणि समोरचे हजारो लोक त्याला आनंदाने बोलू देतात. परंतु घरी येताना गाडीत मी स्वतःलाच विचारले की, मला न पटणारा उमेदवार बोलत असता, तर मी तो लाल कागद तितकाच उशिरा उचलला असता का? उत्तर मला ठाऊक होते.

ही संस्था म्हणजे लीग ऑफ विमेन व्होटर्स. १४ फेब्रुवारी १९२० रोजी शिकागो येथे कॅरी चॅपमन कॅट यांनी तिची स्थापना केली, तेव्हा अमेरिकेतील सर्व स्त्रियांना मताधिकार देणारी एकोणिसावी घटनादुरुस्ती अजून मंजूर व्हायची होती. टेनेसी राज्याच्या संमतीने ती १८ ऑगस्टला पूर्ण झाली. स्त्रियांच्या मताधिकारासाठी सत्तर वर्षे झगडलेली चळवळ विजयाच्या उंबरठ्यावर होती. अशा वेळी विजयाचे श्रेय घेऊन नवा पक्ष काढणे किंवा जुन्या पक्षांशी सौदा करणे, हे दोन्ही मार्ग मोकळे होते. कॅट यांनी तिसराच मार्ग धरला. स्त्रियांनी व्यक्तिशः खुशाल पक्षात जावे, नव्हे, जावेच. संस्थेने मात्र कोणत्याही पक्षाला किंवा उमेदवाराला पाठिंबा देऊ नये आणि विरोधही करू नये. संस्थेने अभ्यास करून प्रश्नांवर भूमिका घ्यावी, माणसांवर घेऊ नये. म्हणूनच माता व बालकांच्या आरोग्यासाठीचा १९२१ चा शेपर्ड-टाउनर कायदा व्हावा म्हणून ही संस्था हिरिरीने झटली आणि तरीही कोणत्याच पक्षाची झाली नाही.

हे त्या वेळच्या पुढाऱ्यांना मुळीच रुचले नाही. १९२१ साली न्यूयॉर्कचे गव्हर्नर नेथन मिलर यांनी या संस्थेच्याच व्यासपीठावरून, अशी संस्था म्हणजे प्रातिनिधिक लोकशाहीला धोका आहे, असे बजावले. जो कोणत्याच बाजूचा नाही त्याच्याविषयी राजकारण्यांना किती अस्वस्थता वाटते, हे मला कोल्हापूरची असल्यामुळे फार चांगले कळते. आमच्याकडे दूध संघ असो, साखर कारखाना असो की सहकारी बँक, नव्या माणसाची ओळख झाल्यावर दुसरा प्रश्न ‘कुठल्या गटाचा?’ हाच असतो आणि ‘कुठल्याच नाही’ या उत्तरावर कोणी विश्वास ठेवत नाही.

या संस्थेच्या इतिहासातील मला सर्वांत भावलेला प्रसंग १९८८ चा आहे. १९७६, १९८० आणि १९८४ या तिन्ही निवडणुकांत अध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या वादसभा तिनेच भरवल्या होत्या. १९८० साली जॉन अँडरसन या अपक्ष उमेदवाराला बोलावले म्हणून विद्यमान अध्यक्ष जिमी कार्टर पहिल्या सभेला आले नाहीत. तरीही सभा झाली, अँडरसन आणि रिपब्लिकन उमेदवार रोनाल्ड रेगन यांच्यात. पुढे १९८८ साली दोन्ही पक्षांच्या प्रचारकांनी परस्पर सोळा पानांचा करार करून संस्थेपुढे ठेवला. त्यात प्रश्न कोण विचारणार आणि समोर कोण बसणार, इथपर्यंत सारे ठरवलेले होते. अशा सभेला आपले नाव देणे म्हणजे मतदारांची फसवणूक होईल, असे जाहीर करून संस्थेने अंग काढून घेतले आणि देशातील सर्वांत मोठे व्यासपीठ सोडून दिले. ते तिला पुन्हा मिळाले नाही. एवढे मोठे नुकसान सोसलेल्या संस्थेने माझ्या सहा सेकंदांचा हिशेब मागितला, यात आता मला नवल वाटत नाही.

आमच्या अध्यक्ष बाई माझ्याच रस्त्यावर राहतात. निवडणुकीच्या दिवसांत इकडे घरोघरी अंगणात उमेदवारांच्या नावाच्या पाट्या रोवतात. त्यांचे अंगण तेवढे मोकळे असते, कारण पदावर असेपर्यंत पाटी लावायची नाही, असा शाखेचा नियम आहे. त्यांना मते नाहीत असे नव्हे. चांगली कडक मते आहेत. पण शाळा मंडळाच्या बैठकीला त्या निरीक्षक म्हणून जातात, शेवटपर्यंत बसून टिपणे काढतात आणि त्या टिपणांत मात्र त्यांचे मत शोधून सापडत नाही.

आता कोल्हापूरची बाजूही मांडली पाहिजे, कारण इकडचे कौतुक वाचून ‘ही तिकडे जाऊन बदलली’ असे म्हणणारे आप्त मला आहेत. टोलविरोधी लढ्यात प्रा. एन. डी. पाटील यांच्यामागे सारे शहर उभे राहिले आणि टोल रद्द करावा लागला, तेव्हा लढणारी कृती समिती सर्वपक्षीय होती. उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी चार दशकांहून अधिक काळ चाललेल्या चळवळीतही सगळे झेंडे एकत्र आले आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच, म्हणजे फिरते खंडपीठ, सुरू झाले. एवढी माणसे रस्त्यावर आणणे आमच्या ओहायोच्या गावाला जन्मात जमणार नाही. मतदानाचे म्हणाल, तर २०२४ च्या लोकसभेला कोल्हापूर मतदारसंघाने सत्तर टक्क्यांच्या वर मतदान केले. अमेरिकेने त्याच वर्षी अध्यक्ष निवडताना तो आकडा गाठला नाही आणि इकडच्या स्थानिक निवडणुकांत तर पुष्कळदा निम्मेही मतदार फिरकत नाहीत. शिवाय आपल्या राज्यघटनेने १९५० साली स्त्री-पुरुष सर्वांना एकदमच मत दिले. इथल्या दक्षिणेकडील कृष्णवर्णीय स्त्रियांना ते खऱ्या अर्थाने मिळायला १९६५ चा मताधिकार कायदा यावा लागला आणि त्यांच्या प्रश्नाकडे आपण दीर्घकाळ पाठ फिरवली, ही कबुली या संस्थेनेही २०१८ साली दिली.

हे सारे खरे असूनही ‘सर्वपक्षीय’ आणि ‘निःपक्ष’ हे दोन शब्द एक नाहीत आणि त्यांतला फरक मला माझ्या आईमुळे कळला. आई निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. ७ मे २०२४ रोजी ती नेहमीप्रमाणे सकाळी सातला मंगळवार पेठेतल्या केंद्रावर पोहोचली आणि तिचे नाव यादीत नव्हते. बाहेर पक्षांची टेबले होती. एका टेबलावरच्या मुलाने खूप शोधले आणि म्हणाला, "मावशी, तुमचं नाव दिसेना की." दुसऱ्या टेबलावरही तेच. प्रत्येक गटाने आपापल्या ठरलेल्या मतांची यादी महिनाभर आधी तपासून घेतली होती. आईचे मत कोणत्याच गटाचे ठरलेले नसल्याने तिचे नाव आहे की नाही, हे पाहण्याचे कारण कोणालाच नव्हते. चाळीस वर्षांत प्रथमच ती बोटाला शाई न लावता घरी आली आणि दिवसभर कोणाशी बोलली नाही. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळावी लागली होती, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची आई, तमक्याची बायको एवढेच सांगितले होते. माझ्या आईने तर तीन पिढ्यांच्या मुलांना स्वतःचे नाव लिहायला शिकवले.

मी स्वतः परदेशस्थ मतदार म्हणून नोंदणी करू शकते, पण मत द्यायचे तर पासपोर्ट घेऊन कोल्हापुरातच जावे लागते आणि इथे मी नागरिक नाही. म्हणजे सध्या दोन्हीकडे माझ्या हाती घड्याळाखेरीज काही नाही. आईची हकिकत अध्यक्ष बाईंना सांगितली, तेव्हा त्यांनी हळहळ व्यक्त केली नाही. यादी मतदानाच्या किती दिवस आधी पाहायला मिळते आणि ती गल्लीत कोण वाचून पाहते, एवढेच विचारले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी शोधून दिले. दुसऱ्याचे उत्तर ‘कोणी नाही’ असे होते.

आईने मतदार नोंदणीचा सहा नंबरचा अर्ज भरून नाव पुन्हा घालून घेतले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेला मत दिले. आमच्या महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. त्यानंतर पाच वर्षे प्रशासकच कारभार पाहत होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये महापालिका निवडणुकीसाठी एकदाच्या प्रभागनिहाय प्रारूप मतदार याद्या लागल्या, तेव्हा मी आईला फोनवर अध्यक्ष बाईंचा दुसरा प्रश्न सांगितला. पुढच्या भिशीच्या दिवशी तिने यादीची पाने काढून नेली आणि बारा बायकांनी चहा होईपर्यंत आपल्या गल्लीची नावे मोठ्याने वाचली. पलीकडच्या बोळातल्या एका काकूंचे नाव शेजारच्या प्रभागात गेलेले सापडले. त्या काकू भिशीत नाहीत. आई स्वतः त्यांच्या घरी सांगायला गेली.

हे ऐकल्यावर, त्या काकू कुठल्या गटाच्या, असे माझ्या तोंडून सवयीने निघून गेले.

"ते मी विचारलं नाही बघ," आई म्हणाली.