भाट्ये खाडी, हायड्रोफोनच्या नोंदी: गोड्या पाण्याचा थर

श्रावणातली उघडीप साधून पुन्हा रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीत हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा मायक्रोफोन, सोडला. यंत्र जुनंच: इपॉक्सीत बंद केलेली पिझो चकती (दाबाची कंपनं विजेत बदलणारी), तो क्षीण संकेत वाढवणारा छोटा प्रीअँप, रेकॉर्डर. या खेपेला मात्र आवाजाइतकंच लक्ष पाण्याकडे दिलं.

बूच लावलेली बाटली वजन बांधून तळाशी सोडायची, दोरीने बूच ओढायचं, वर घेऊन तापमान आणि रिफ्रॅक्टोमीटरवर खारटपणा पाहायचा. भरती चढत होती. वरच्या पाण्याचा खारटपणा हजारी ८, तापमान २६ अंश. तळाशी ३२ आणि २७. तापमान आणि खारटपणावरून ध्वनीचा वेग काढणाऱ्या मेडविनच्या १९७५च्या सूत्रात आकडे घातले तर ध्वनीचा वेग वर सेकंदाला १५०८ मीटर, तळाशी १५३६. एवढ्याशा खोलीत २८ मीटरचा फरक, आणि त्यात तापमानाचा वाटा जेमतेम दोन-अडीच मीटर. बाकी सगळं मिठाचं.

आपण वाचतो ते बहुतेक तापमानाबद्दल. १९३०च्या दशकात ग्वांतानामोजवळ अमेरिकी नौदलाचे सोनार (ध्वनीने पाणबुड्या शोधणारी यंत्रं) दुपारनंतर आंधळे व्हायचे, कारण उन्हाने वरचं पाणी तापून तिथला वेग वाढायचा आणि ध्वनी खाली वळायचा. ध्वनी वळतो तो कमी वेगाच्या पाण्याकडे. पावसाळी खाडीत हलकं गोडं पाणी, म्हणजेच कमी वेगाचं पाणी, वर असतं, म्हणून इथे तो वर वळतो!

पडताळा घ्यायला मित्राने लांबच्या होडीतून लोखंडी पाइप वरच्या थरात धरून ठोकला. हायड्रोफोन त्याच थरात असताना ठणका स्वच्छ आला. तळाशी नेला की त्यातला तीक्ष्ण भाग गळून नुसता बोदा आवाज उरला. हिशेबही तेच सांगतो: या वेगांना थरांच्या सीमेशी सुमारे ११ अंशांपेक्षा कमी कोन करत आलेला ध्वनी परत वरच फेकला जातो. थर पातळ, त्यामुळे लांब तरंगलांबीचे खर्जातले आवाज त्यात मावत नाहीत, ते खाली झिरपतात. हे कानांनी ऐकायला मिळालं याचा आनंद अजून ओसरलेला नाही.

मध्येच बुरबुर आली आणि स्पेक्ट्रमवर (आवाजातल्या कंपनसंख्यांच्या आलेखावर) १५ किलोहर्ट्झच्या आसपास सुरेख उंचवटा दिसला. बारीक थेंबांनी पाण्यात कोंडलेल्या बुडबुड्यांचा तो नाद. फाइल जपून ठेवली आहे.

पुढची फेरी भांगाच्या, म्हणजे कमी जोराच्या, भरतीला. उधाणात पाणी जोराने घुसळतं आणि थर मोडतो, भांगाला तो जास्त ठळक असायला हवा. दर अर्ध्या मीटरला नमुना घेणार आहे. दाभोळ किंवा जैतापूर खाडीत कुणी हायड्रोफोन सोडत असाल, तर रेकॉर्डिंगसोबत वरचा आणि तळाचा खारटपणा नक्की टिपा.