७५ डिग्री दिसत असूनही ग्राफिक्स कार्ड का बंद पडत होतं

एप्रिल लागला आणि माझ्या कॉम्प्युटरवर गेम खेळताना स्क्रीन काळी व्हायला लागली. आवाज थोडा वेळ चालू राहायचा. कधी मशीन आपोआप सावरून 'ड्रायव्हर टाइमआउट'चा (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरनं वेळेत उत्तर दिलं नाही, असा) मेसेज दाखवायचं, तर कधी कार्डाचे पंखे एकदम फुल स्पीडला जायचे आणि बटण दाबून बंद करण्याशिवाय इलाज नसायचा. कार्ड एएमडीचं, आरएक्स ६७०० एक्सटी. वॉरंटी संपलेली. एका दुकानात दाखवलं, तर उघडूनही न बघता उत्तर मिळालं, "कार्ड गेलं मालक, नवीन टाका." पण पैसे साठवून घेतलेलं कार्ड असं एका वाक्यात भंगारात काढायला मन तयार होईना.

आधी विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे मशीनमधल्या घडामोडींची नोंदवही, उघडला. तिथं ४१०१ नंबरची नोंद होती: डिस्प्ले ड्रायव्हरनं उत्तर देणं थांबवलं. कार्डानं साधारण २ सेकंदांत प्रतिसाद दिला नाही, तर विंडोज ड्रायव्हर पुन्हा सुरू करतं. ही मुदत रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगमध्ये) वाढवून ठेवा, असा सल्ला बरेच जण देतात. मी तो घेतला नाही. मुदत वाढवली म्हणून कार्ड अडकायचं थांबत नाही, आणि मला ते का अडकतंय हे हवं होतं.

सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या टूलनं जुना ड्रायव्हर मुळापासून काढला, नवा टाकला. फरक शून्य. मग गेममध्ये फ्रेम (स्क्रीनवर उमटणारी चित्रं) सेकंदाला ६० वर बांधून ठेवल्या, तर संध्याकाळभर एकदाही क्रॅश नाही. इथं पहिल्यांदा धागा हाती लागला. भार कमी असला की कार्ड नीट चालतंय, म्हणजे एक तर ते तापतंय, नाही तर त्याला वीज पुरत नाही.

तापमान मी आधीही बघत होतो. ७५ डिग्री. कुणालाही विचारलं तर "हे तर नॉर्मल आहे" असंच म्हणायचे. हा आकडा चिपच्या कडेजवळच्या सेन्सरचा असतो. चिपवर इतरत्रही सेन्सर असतात आणि त्यातला सगळ्यात गरम आकडा हॉटस्पॉट म्हणून वेगळा दिसतो. एचडब्ल्यूइन्फो या सेन्सरचे आकडे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये खाली सरकून ती ओळ शोधली आणि गेम चालू केला. कडेला ७५, हॉटस्पॉट १०९! या कार्डाची मर्यादा ११०. तिथं पोचलं की कार्ड स्वतःचा वेग उतरवतं, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर स्वतःला वाचवायला बंद पडतं. दोन आकड्यांत १५-२० डिग्रीचा फरक चालतो. माझा ३४ होता. चिपची उष्णता हीटसिंकपर्यंत, म्हणजे ती ओढून घेणाऱ्या धातूच्या पात्यांपर्यंत, सारखी पोचतच नव्हती.

आमचं घर शहराच्या पूर्व भागात, शेजारी पॉवरलूम. टॉवेल-चादरींच्या सुताचे बारीक तंतू दिवसभर हवेत असतात. कार्ड काढून पंख्यांखाली टॉर्च मारला, तर हीटसिंकच्या पात्यांवर करड्या रंगाचा सलग थर बसला होता, बोटानं उचलला तर अख्खा निघेल असा, अगदी वाकळीच्या तुकड्यासारखा. नुसता ब्लोअर मारून तो हलत नव्हता. पंखे बोटानं धरून (ब्लोअरनं ते भन्नाट फिरले की बेअरिंगला त्रास होतो) आधी ब्रशनं मोकळं केलं, मग हवा मारली.

चिप आणि हीटसिंकच्या मधल्या, उष्णता पुढं नेणाऱ्या पेस्टसाठी नवी पेठेतल्या एका ओळखीच्या रिपेअरवाल्या काकांकडं गेलो. त्यांनी चार स्क्रू काढून हीटसिंक उचलला. चिपच्या मधोमध पेस्ट जवळजवळ उरलीच नव्हती, सगळी कडेला सरकून कडक झाली होती. "बघा मालक, इथं चिपला नुसता धातू लागतोय," म्हणाले. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून घट्टशी नवी पेस्ट लावली, मेमरीवरचे उष्णता नेणारे मऊ पॅड चांगले होते म्हणून तसेच ठेवले. स्क्रू एकेक पूर्ण न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे आवळत गेले. हॉटस्पॉट थेट ८८ वर आला. ४१०१ ची नोंद परत दिसली नाही.

तरी एक त्रास उरला होता. मोठ्या गेममध्ये कधीतरी अख्खं मशीनच रीस्टार्ट व्हायचं आणि लॉगमध्ये कर्नल-पॉवर ४१, म्हणजे मशीन नीट बंद न होताच रीस्टार्ट झाल्याची नोंद. हा रोग वेगळा. कार्डाच्या दोन्ही सॉकेटना एसएमपीएसमधून (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यातून) आलेल्या एकाच वायरची दोन तोंडं लावलेली होती. कार्ड २३० वॅटचं, आणि क्षणभर त्याहून बरंच जास्त ओढतं. एसएमपीएसच्या खोक्यात आलेली दुसरी केबल काढून प्रत्येक सॉकेटला स्वतंत्र वायर दिली, रीस्टार्ट थांबला.

मे महिन्यात बाहेर पारा ४३ वर असताना दुपारी मुद्दाम फ्रेमचं बंधन काढून खेळलो. हॉटस्पॉट ९४ च्या वर गेला नाही. आता एका मित्राचं कार्डही असंच बंद पडतंय. "पेस्ट बदलू का बे?" म्हणून फोन आला. त्याला आधी दोन्ही आकडे पाठवायला सांगितले. फरक १४ निघाला, त्यामुळं त्याचं कार्ड न उघडता आम्ही एसएमपीएसपासून सुरुवात केली आहे.