पुरात भिजलेली तिकिटं

आमच्या टपाल तिकीट संग्राहक मंडळाच्या खोलीत भिंतीवर पेन्सिलची एक रेघ होती. २००५ च्या पुराचं पाणी तिथपर्यंत आलं होतं. ५ ऑगस्ट २०१९ च्या संध्याकाळी आम्ही तिघांनी सगळे आल्बम लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात चढवले. रेघेच्या वर दोन फूट झाले आणि निर्धास्त मनाने कुलूप लावून आम्ही बाहेर पडलो. सांगलीत गावभागातलं प्रत्येक घर तेव्हा याच हिशोबाने सामान वर ठेवत होतं. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. २००५ ला पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं होतं. या वेळी ते ५७ फूटही ओलांडून गेलं.

तो आठवडा मी विश्रामबागला नणंदेकडे काढला. आल्बमची आठवण यायची, पण बोलायची लाज वाटायची. सांगलीवाडीचे आमचे एक सभासद आईला घेऊन होडीतून बाहेर पडले होते. फोन लागला की आधी माणसांची विचारपूस व्हायची. चौथ्या दिवशी त्यांनीच विचारलं, "ताई, कपाटाचं काय झालं असेल हो?" तेव्हा मला रडू आलं.

पाणी उतरल्यावर १३ तारखेला खोली उघडली. गाळ घोट्याच्या वर होता. कपाटाचं दार पहारीने उचकटावं लागलं. आल्बम फुगून एकमेकांत रुतले होते. त्यांना ड्रेनेजचा वास येत होता आणि वरच्या पानांवर बुरशीचे हिरवट ठिपके दिसायला लागले होते.

मी घाईघाईने दोन आल्बम गच्चीवर नेऊन पसरले. तीच चूक झाली. कोऱ्या तिकिटाच्या पाठीला डिंक असतो. तो भिजलेला असतो तोवर ठीक, पण वाळताना समोरच्या कागदाला घट्ट धरतो. स्टॉकबुकातला, म्हणजे तिकिटं पट्ट्यांत खोचून ठेवायच्या वहीतला, झिरझिरीत पारदर्शक कागदही असाच चिकटला. संध्याकाळी मिरजेचे काका आले. पन्नास वर्षं तिकिटं जमवणारा माणूस. आल्बम पाहून ते एवढंच म्हणाले, "वाळवू नका ताई. ओलं आहे तोवर ते आपल्या हातात आहे."

पण ओलं ठेवलं की बुरशी वाढते, आणि घर धुवायचं सोडून तिकिटांपाशी बसायला कुणाला वेळ होता? उपाय काकांनीच सांगितला, तो म्हणजे गोठवायचं. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही. शहराच्या आमच्या भागात वीजच नव्हती. मिरजेत एका सभासदाच्या भाच्याचं आईस्क्रीमचं दुकान होतं. त्याने एक डीप फ्रीजर रिकामा करून दिला. आल्बम उसवून पानांचे पातळ गठ्ठे केले, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरले आणि प्रत्येक पिशवीवर मालकाचं नाव घातलं. १५ ऑगस्टला स्वातंत्र्यदिन आणि राखीपौर्णिमा एकाच दिवशी होती. त्या दिवशी आम्ही सहा जण हे काम करत बसलो होतो.

गणपती झाल्यावर दर रविवारी मिरजेत जमायला लागलो. एका वेळी एकच पिशवी बाहेर काढायची. ती वितळली की परातीत स्वच्छ कोमट पाणी घेऊन गठ्ठा त्यात सोडायचा. अजिबात ओढायचं नाही. डिंक सुटला की तिकीट आपोआप वेगळं होतं. मग चिमट्याने उचलायचं, दुसऱ्या पाण्यात खळबळायचं आणि टीपकागदावर पालथं ठेवायचं. वर्तमानपत्र घ्यायचं नाही, त्याची शाई उमटते. पुरतं सुकायच्या आत दोन टीपकागदांमध्ये घालून वर जड पुस्तकं ठेवायची. लिफाफ्यांना मात्र पाणी दाखवायचंच नाही, कारण शिक्क्याची शाई पसरते. ते नुसते टिपून घ्यायचे. एका लाल पाकिटाने रंग सोडला आणि शेजारची तिकिटं गुलाबी झाली. तेव्हापासून रंगीत कागद पहिल्यांदा बाजूला काढायचा, असं ठरलं.

डिंक गेला की कोऱ्या तिकिटाची बाजारातली किंमत बरीच घसरते. काकांकडे १९४८ चा गांधीजींचा चार तिकिटांचा संच होता, स्वित्झर्लंडमध्ये छापलेला, अगदी दहा रुपयांच्या तिकिटासकट. चारही तिकिटं पाण्यातून वर आली, रंग जसाच्या तसा, पाठी मात्र कोऱ्या. काका बराच वेळ ती हातात धरून बसले. मग म्हणाले, "मी विकणार कुठे होतो?"

मला सर्वांत जास्त काळजी शाळकरी मुलांच्या वह्यांची होती. त्यांत फुलं, पक्षी, रेल्वे इंजिनं, घरी आलेल्या पाकिटांवरून काढलेली साधी तिकिटं. एका सभासदाचं म्हणणं होतं की दुर्मीळ तिकिटं आधी घ्यावीत, ही कुठेही मिळतील. मी विरोध केला. ज्या मुलीचं दप्तर, गणवेश, अंथरूण सगळं वाहून गेलं, तिला तिचीच वही परत मिळायला हवी होती, तशीच दुसरी नव्हे. शेवटी मुलांच्या पिशव्या आधी उघडल्या. वापरलेल्या तिकिटांना डिंक नसतो, त्यामुळे ती सगळ्यांत चांगली वाचलीही.

मग मुलं स्वतःच यायला लागली. त्यांच्यामागून आयाही आल्या. चहा ठेवायच्या, परातीतलं पाणी बदलायच्या आणि बोलता बोलता ज्याची पासबुकं, ज्याच्या आजोबांची पत्रं भिजली होती ते घेऊन यायच्या. आम्हाला जमेल तेवढं सगळं वाचवलं. लग्नाचे फोटो आले तेव्हा मात्र आधी वाया गेलेल्या फोटोवर सराव केला.

२ ऑक्टोबरला गांधीजींच्या १५० व्या जयंतीनिमित्त मोठं प्रदर्शन भरवायचं आमचं वर्षभर चाललं होतं. ते झालं नाही. त्याऐवजी आईस्क्रीमच्या दुकानाशेजारच्या खोलीत एका टेबलावर काकांचे चार गांधी आणि भोवती मुलांच्या वह्या मांडल्या.

आता मंडळाचं कपाट पहिल्या मजल्यावर आहे. मी गच्चीवर वाळवलेले ते दोन आल्बम त्यातच ठेवलेत. दर पावसाळ्याआधी एखादं पान कोमट पाण्यात सोडून बघते. गेल्या जूनमध्ये तीन तिकिटं सुटली.