फी भरू का नको?

पहिल्यांदाच सायकोसिस झालेल्या, म्हणजे वास्तवाचं भान सुटून भास होणाऱ्या, नसलेले आवाज ऐकू येणाऱ्या मुलाचा एमआरआय आम्ही काढतो, तो मेंदूत गाठ, सूज असलं काही नाही ना हे बघायला. रिपोर्ट बहुतेक वेळा नॉर्मल येतो. त्या दिवशीच्या रिपोर्टात मात्र शेवटी एक ओळ होती : लॅटरल व्हेन्ट्रिकल्स वयाच्या मानाने किंचित मोठी.

माझ्याकडे येईपर्यंत ती ओळ घरभर फिरली होती. मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, वडील साखर कारखान्यात फिटर. थोरल्या बहिणीने रात्रभर मोबाइलवर वाचून काढलं होतं, की मेंदूतल्या पोकळ्या मोठ्या म्हणजे मेंदू आक्रसलेला, आणि असा माणूस सुधारत नाही. वडील खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले, "साहेब, बाकीचं राहू द्या. पुढच्या वर्षाची फी भरू का नको, तेवढं सांगा."

इतका रोकडा सवाल मला आजवर कुणी केला नव्हता.

बहिणीने वाचलेलं अगदीच निराधार नव्हतं. १९७६ साली लंडनच्या नॉर्थविक पार्क हॉस्पिटलात ईव्ह जॉन्स्टन आणि सहकाऱ्यांनी स्किझोफ्रेनियाच्या, म्हणजे लांबत जाणाऱ्या सायकोसिसच्या आजाराच्या, जुन्या रुग्णांचे सीटी स्कॅन काढले, तेव्हा याच पोकळ्या मोठ्या दिसल्या. पुढे एमआरआय आला, आणि आजाराच्या सुरुवातीलाही हिप्पोकॅम्पस (मेंदूतला आठवणींचा भाग), कपाळामागचा आणि कानशिलाजवळचा करडा भाग थोडा कमी भरतो हे अनेक ठिकाणी दिसलं. पण हे सगळे फरक गटागटांच्या सरासरीतले. पुरुष सरासरीने बायकांपेक्षा उंच असतात; म्हणून नुसती ५ फूट ५ इंच उंची ऐकून तो पुरुष की बाई हे कुणी सांगू शकेल का? ठणठणीत माणसांतही अशा पोकळ्या सापडतात. एकट्या मुलाच्या फिल्मवरून त्याचं पुढचं आयुष्य वाचता येईल, अशी तपासणी आज कुठल्याही ओपीडीत नाही. वडिलांना मी हेच सांगत होतो.

तेवढ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेला मुलगा उठून व्ह्यू बॉक्सपाशी आला. फिल्मवर बोट न टेकवता, जरा लांबूनच बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "सर, यात माझे विचार दिसतात का सगळ्यांना?"

"नाही रे. विचार कुणालाच दिसत नाहीत. आवाजही दिसत नाहीत."

त्याचे खांदे सैल पडलेले मला दिसले. एमआरआयला तो का आडवा पडायला तयार नव्हता, ते मला तेव्हा कळलं. मग तो आपणहून बोलायला लागला. घरच्यांच्या मते हे सगळं शिमग्यानंतरचं. तो म्हणाला, गणपतीची सुट्टी संपवून होस्टेलला गेलो तेव्हापासून आवाज येतात. म्हणजे आठ-नऊ महिने, त्यातले शेवटचे दोन अंगाऱ्या-धुपाऱ्यात गेलेले.

माझ्या दृष्टीने त्या दिवशीची सगळ्यात महत्त्वाची माहिती ही होती. उपचाराविना जितका काळ जातो, तितकं सुधारणं अवघड होत जातं. नॉर्वेतल्या रोगालांडमध्ये शाळा, वर्तमानपत्रं, रेडिओ यांतून लोकांना लक्षणं ओळखायला शिकवलं, तेव्हा हा काळ निम्म्या वर्षावरून साधारण पाच आठवड्यांवर आला. दहा वर्षांनी पाहिलं, तर अशी मोहीम नसलेल्या भागांच्या मानाने तिथे पूर्ण सावरलेले रुग्ण जवळपास दुप्पट होते. आपल्याकडच्या होस्टेलांत असं कुणी काही सांगत नाही, याचा मला फार त्रास होतो.

बहिणीची शंका उरलीच होती : "गोळ्यांनीच मेंदू लहान होतो म्हणतात." मी टाळलं नाही. आयोवात २११ रुग्णांचे वर्षानुवर्षं स्कॅन काढले होते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात औषध जास्त तिथे घटही थोडी जास्त आढळली. म्हणून डोस लागेल तेवढाच, कमीत कमी. पण पहिल्या आजारानंतर औषध मध्येच सोडलं तर तो उलटण्याचा धोका पाचपटीच्या घरात जातो. तिने दोन्ही गोष्टी वहीत उतरवल्या, आणि गोळ्यांची जबाबदारी स्वतःकडे घेतली.

"फी भरा," मी वडिलांना म्हटलं, "पण होस्टेल नको, घरून जाऊ दे." हजेरीच्या सवलतीसाठी प्राचार्यांच्या नावे पत्र लिहून दिलं, आजाराचं नाव न घालता.

त्याने ते वर्ष काढलं. आवाज अधूनमधून येतात. आले की बहिणीला सांगतो. दोन विषय राहिलेत, ते हिवाळी परीक्षेला देणार आहे.