पोटदुखीचा अर्ज

ठाण्यातल्या एका महाविद्यालयात मी समुपदेशक आहे. ऑक्टोबरमध्ये सत्र परीक्षा चालू असताना, सैन्यातून १७ वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त झालेले आणि आता कला शाखेच्या दुसऱ्या वर्षात शिकणारे एक हवालदार पुनर्परीक्षेच्या अर्जावर माझी सही घ्यायला आले. कारणाच्या रकान्यात ‘पोटदुखी’ असे लिहिले होते. मात्र खिडकीबाहेर सुतळी बॉम्ब फुटताच ते बाकाखाली गेले आणि अर्धा पेपर टाकून निघाले, हे पर्यवेक्षकांनी मला आधीच सांगितले होते.

मदत मागण्यात कमीपणा नसतो, हे ठरावीक वाक्य मी बोलले आणि ते किती निरुपयोगी आहे ते लगेच कळले. “मॅडम, ठाण्यात राहून ठाण्याला जायचं म्हणता?” ते हसून म्हणाले. १९०१ पासून इथे असलेल्या मनोरुग्णालयाने मराठीला दिलेला हा टोमणा ऐकतच मी लहानाची मोठी झाले, त्यामुळे मलाही हसू आले.

मग त्यांनी मला ‘शेप’ समजावून सांगितले. सैन्यातील वैद्यकीय श्रेणी ज्या पाच इंग्रजी अक्षरांवर ठरते, त्यांतले पहिलेच, ‘एस’, मानसिक स्थितीचे असते. झोप लागत नाही असे सांगितले, की श्रेणी उतरण्याची आणि तिच्यासोबत बढतीही हुकण्याची धास्ती असते. त्यामुळे न सांगणे हाच तिथला शहाणपणा ठरतो. निवृत्तीनंतर श्रेणी उरली नाही, सवय मात्र राहिली. ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे कार्ड त्यांच्या खिशात होते, पण ते फक्त रक्तदाबाच्या गोळ्यांपुरते, कारण पॉलिक्लिनिकच्या रांगेत जुन्या पलटणीतले कोणी ना कोणी भेटतेच.

ही अडचण लाजेची कमी आणि नोंदीची जास्त होती, हे समजायला मला इतका वेळ लागावा, याचे मला अजूनही वाईट वाटते. मी माझी नोंदवही उघडून त्यांच्यापुढे ठेवली. तिच्यात नावे नाहीत, केवळ क्रमांक आहेत. उपचारांची माहिती गोपनीय राहणे हा २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला दिलेला हक्क आहे, हे सांगितले. जिवाला धोका दिसला तर मात्र मी गप्प बसणार नाही, हेही लपवले नाही. रात्री-अपरात्री लागलाच तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लिहून दिला. त्यांनी पान उलटून आधीच्या नोंदी बारकाईने तपासल्या.

“कारण पोटदुखीच राहू द्या,” अर्ज माझ्याकडे सरकवत ते म्हणाले. “गुरुवारी सहाला येतो. क्रमांक कोणता देणार?”

मी सांगितले, एकोणीस.