माटोळी आणि मंजुरी

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आदल्या दिवशी दुपारनंतर गोव्यातल्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत माणूस शोधावा लागतो. नेमका तेव्हाच एचआरमधल्या ताईंचा फोन: "सण झाला की नवी मुलं रुजू होतायत, लॅपटॉपचं काय?"

सर्व्हिसनाऊ, म्हणजे कंपनीतल्या मागण्या आणि मंजुऱ्या हाताळणारी आमची सिस्टिम, उघडून बघितली. रिक्वेस्ट कधीच टाकलेल्या होत्या. आमच्या 'नवीन कर्मचारी' ऑर्डर गाईडमध्ये (अनेक वस्तू एकत्र मागवायची सोय) एकच फॉर्म भरला की लॅपटॉप, ईमेल, प्रवेशकार्ड असे वेगवेगळे आरआयटीएम, म्हणजे एकेका वस्तूच्या मागणीच्या नोंदी, निघतात. सगळे मंजुरीपाशी अडकलेले. मंजुरी देणार एकटे विभागप्रमुख, आणि ते गेलेले पेडण्याला, गावी. त्यांनी होय म्हटल्याशिवाय स्टोअरला टास्कच जात नाही.

फोन वहिनींनी उचलला. "ते माटोळी बांधतायत, स्टुलावर चढलेत." माटोळी म्हणजे गणपतीवर टांगायची फळाफुलांची सजावट. मग सर आले. "अरे, तूच ॲप्रूव्ह करून टाक ना. ॲडमिन आहेस तू."

करता आलं असतं. इम्पर्सोनेट करून, म्हणजे सिस्टिममध्ये सरांचं रूप घेऊन, त्यांच्या नावाने बटण दाबायला क्षण पुरतो. पण आमची कंपनी औषधांची. इथे कोणी काय मंजूर केलं हे ऑडिटवाले आधी विचारतात, आणि इम्पर्सोनेट केल्याचीही लॉगमध्ये नोंद राहते. शिवाय ॲडमिन हक्क यंत्रणा सांभाळायला असतात, दुसऱ्याची सही करायला नव्हे. तसं सरळ सांगितलं. सर जरा घुश्श्यातच होते.

"मंजुरीची मेल आली असेल, त्यातली लिंक दाबा. उत्तराची मेल तयार होईल, तशीच पाठवा. फक्त खालची 'रेफ'ची ओळ पुसू नका." त्या ओळीवरूनच कुठल्या रिक्वेस्टला उत्तर आलं हे सिस्टिमला कळतं. घरात नेटला रेंज नव्हती. सर देवळाकडच्या चढावर गेले असावेत, कारण थोड्या वेळाने एकेक आरआयटीएम हिरवा होत गेला. स्टोअरचा माणूस बॅग खांद्याला लावून निघालाच होता, त्याला थांबवलं.

मंजुरीचा फ्लो, म्हणजे सिस्टिममधला पायऱ्यांचा क्रम, त्याच दिवशी बदलून भागलं नसतं. चालू रिक्वेस्ट ज्या आवृत्तीवर सुरू झाली तिच्यावरच संपते, दुरुस्ती फक्त पुढच्यांना लागू. ती सणानंतर केली: आता मंजुरी गटाकडे जाते, कोणीही एकाने दिली की पुरे. माऊस-कीबोर्डला मंजुरीच नको, असंही मी सुचवलं होतं. ते अकाउंट्सला पटलं नाही. माऊस अजून मंजुरीलाच जातो.